न लागणारं दुखणं

"आमच्यात बाई बाजूला बसत न्हाई."

लग्न होऊन पाटोद्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्यांना मी आत्या म्हणायची. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असलेल्या माणसाला विटाळ नाही आणि सुतकही नाही, हे आत्यांच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी यायचंच. शेजारची सून महिन्याचे चार दिवस ओसरीवर अंग चोरून बसलेली दिसली की आत्या मुद्दाम मोठ्या आवाजात मला हाक मारून चुलीपाशी बोलवायच्या. तिला ऐकू जावं म्हणून. माहेरीही आमच्यात हे पाळत नव्हतेच, पण त्याचा असा डांगोरा कुणी पिटत नव्हतं. मला आत्यांची गंमत वाटायची.

घरचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, मागं स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. मी दहावी पास आणि मालक आठवीपर्यंत शिकलेले. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्याकडची रीत आहे म्हणून म्हणते. घराचा खरा मालक कोण, हे आत्यांच्या कमरेच्या किल्ल्यांना विचारावं. मुलगी झाली, मुलगा झाला आणि तो अंगावर पीत असतानाच शिबिरात नेऊन माझं ऑपरेशन उरकलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आमच्या बाजूला सगळ्या बायांचं असंच होतं, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण या ऑपरेशनमुळं पुढं माझी केवढी अडचण होणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

त्याच सुमारास गावात कापड फाडून घेणारी गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. घरोघरी रंगीत टीव्ही आले, त्यात दिसेल तसला तयार कपडा लोक मागायला लागले. पोरांना शिवलेली नको, रेडीमेड पॅन्ट हवी. गाऊन हा शब्द मी पहिल्यांदा एका शिक्षिकेच्या तोंडून ऐकला. मालक आधी वर्षातून दोनदा सोलापूरला जायचे. आता दर महिन्या-दीड महिन्याला खरेदीसाठी मुंबईची वाट धरायला लागले. चार दिवस म्हणून जायचे आणि सहा-सात दिवसांनी यायचे. आले की घरात गठ्ठे, गठ्ठ्यांना नव्या कपड्याचा वास, आणि मालकांच्या तोंडी मुंबईच्या गोष्टी. माणूस बोलायला गोड होता. हसवायचा. मला तो आवडायचा, हे आधीच सांगून ठेवते.

माझं दुखणं सुरू झालं ते सत्ताविसाव्या वर्षी. आधी नुसती खाज, आणि ती नको त्या जागी. घामामुळं असेल म्हणून सोडून दिलं. मग तुरटीच्या पाण्यानं धुतलं, कडुनिंबाचा पाला उकळून बघितला. मेडिकलवाला गावातलाच, मालकांच्या उठण्या-बसण्यातला. त्याच्यापुढं मी कशी तोंड उघडणार? मुलाला नायटा झालाय असं सांगून ट्यूब आणली. त्या बिचाऱ्या पोराला जन्मात नायटा झाला नव्हता. ट्यूबनं नुसती आग आग झाली. काही महिन्यांनी लघवीला जळजळायला लागलं. मालक जवळ आले की कातडी चरचर फाटल्यासारखी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी चालताना चिरा झोंबायच्या. एका दुपारी मुलं शाळेत गेल्यावर दार लावलं आणि हातआरसा घेऊन बसले. तिथली कातडी पांढरी पडलेली होती, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी. कोड उठलं, असंच वाटलं. मुलीचं लग्न कसं व्हायचं, हा पहिला विचार. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

बहिणीला भेटायचं निमित्त काढून बीडला गेले. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, उंच, तुटक बोलणाऱ्या, केस पांढरे झालेल्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि समोर बसवून नीट समजावून सांगितलं. हे कोड नाही. घाणीनं होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही. कातडीचा एक आजार आहे, बरेच दिवस चालतो, मलमानं ताब्यात राहतो. आणि हे कुणाला लागत नाही, नवऱ्याला नाही, लेकराला नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. मालक काय करतात?"

मी सांगितलं. दुकान, खरेदी, मुंबई.

"किती दिवस असतात तिकडं?"

तेही सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला, कारण त्या जे विचारत नव्हत्या त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मागच्या उन्हाळ्यात मालकांच्या पिशवीत गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली होती. आठ दिवस कंपाउंडरकडून सुया घेत होते, उष्णता झालीय म्हणून. आमच्याकडं गरमी म्हणतात त्याला. गरमी कशानं होते, हे दुकानातल्या गड्यालासुद्धा ठाऊक असतं. मी त्या पट्टीवर कपड्याची घडी ठेवून पिशवी बंद केली होती.

"तुझं त्यांना लागणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्यांचं तुला लागायचं असेल, तर ही फाटलेली कातडी म्हणजे उघडं दार आहे. धडधाकट बाईपेक्षा तुला भीती जास्त. एड्सचं ऐकलंयस ना? त्याला औषध नाही. चिरा असतील तेव्हा जवळ जाऊ द्यायचं नाही. आणि एरवीसुद्धा निरोधाशिवाय नाही. कळलं?"

मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, माझं ऑपरेशन झालंय."

ज्या बाईचं ऑपरेशन झालंय तिनं नवऱ्याला निरोध मागायचा म्हणजे काय, हे त्यांना कळायला हवं होतं. ऑपरेशन झालं नसतं तर म्हणता आलं असतं की तिसरं नको. आता कशासाठी मागू? मागितलं याचा एकच अर्थ, तुम्ही बाहेर जाता. आणि असं तोंडावर म्हणणारी बाई माहेरी जाऊन बसते, मग तिला न्यायला कुणी येत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विनवलं, तुम्हीच मालकांना बोलावून सांगा की हे त्यांना लागतं. त्या म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही." औषधाची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू काय करायचं ते तू बघ."

ते मी एसटीत बसल्या बसल्या बघितलं. चिठ्ठी इंग्रजीत होती. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. मलाही डॉक्टरचं अक्षर काय लागणार, पण दहावी पास बाईला ते लागतं असा घरात समज होता.

दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. दुपारी आत्या मठात भजनाला गेल्या तेव्हा मी वरच्या खोलीत चिठ्ठी उघडली आणि मालकांना वाचून दाखवली. लिहिलंय की हा कातडीचा रोग पुरुषाला लागतो. निरोध लावल्याशिवाय जवळ जायचं नाही. एकदा सुरू केल्यावर थांबले नाही. पुरुषाला झालं तर बरं होत नाही, शेवटी कापावं लागतं, असंही वाचलं. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "कापत्यात म्हंजे किती?" असं त्यांनी विचारलं, आणि मला तोंडावर पदर धरावा लागला.

ते जाऊन बीडहून स्वतःच पाकिटं घेऊन आले. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. भांडण नाही, तंटा नाही, जीव वाचला. हे कौतुक आठ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी मोरीत एक लाल प्लॅस्टिकची बादली दिसली. आत्या म्हणाल्या, "ही तुजी. बाकीच्याला हात लावू नगंस." पाकिटं आत्यांच्या हाती लागली होती, तेव्हा मालकांनी आईला सांगून टाकलं होतं. सगळं नाही. फक्त एवढंच, की हिला कातडीचा रोग झालाय आणि तो लागतो. बादलीपाठोपाठ ताट, तांब्या, कपडे वाळत घालायची वेगळी दोरी. मग माझ्या हातचं पीठ मळणं थांबलं. भाकरी हातानं थापायची असते, आणि माझे हात आता चालत नव्हते. माझ्या हाताला काहीच झालं नव्हतं. मुलीला माझ्याजवळून उठवून आत्यांनी स्वतःजवळ झोपवायला सुरुवात केली.

एकदा मी न राहवून म्हणाले, "आत्या, आपल्यात तर इटाळ न्हाई."

त्या शांतपणे म्हणाल्या, "इटाळ न्हाईच म्हनते की मी. रोग हाय ह्यो."

त्या वाईट नव्हत्या, हे मला आजही म्हणावं लागतं. बाहेर कुणाला त्यांनी अवाक्षर कळू दिलं नाही. माझ्या ताटात कधी कमी वाढलं नाही. फक्त ते ताट लांबून सरकवायच्या. मी काय बोलणार? लागत नाही असं सांगितलं तर निरोध सुटला. जे खोटं मला जगवत होतं त्याच्यापायी मला रोज त्या वेगळ्या तांब्यातलं पाणी प्यायचं होतं. करावे तसे भरावे म्हणतात, तसं मी ते भरत होते. पण मी केलं काय होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

स्वयंपाकघरातून निघाले म्हणून मग मला दुकानात बसवलं. कपड्याला हात लावल्यावर रोग लागतो असं कुणाला वाटलं नाही, का कपडा विकायचा होता म्हणून वाटलं नाही, देव जाणे. बायकांचा माल मी बघायला लागले. गाऊन, परकर, आतले कपडे, पोरांच्या चड्ड्या. पुरुषाकडून घ्यायला लाजणाऱ्या बाया माझ्याकडं येऊन मोकळ्या व्हायच्या, दुकान चांगलं चालायला लागलं. आणि दुकान सांभाळायला मी आहे म्हटल्यावर मालक मुंबईला जास्त दिवस राहायला लागले. मी डोक्यानं एवढी हुशार, आणि माझ्या हुशारीचा असा उपयोग झाला.

तीन-चार वर्षं अशीच गेली. मलमानं खाज बरीच कमी झाली. पण मलम रोजचं रोज नको, कातडी मऊ ठेव, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मी खोबरेल लावायला लागले. घरातलंच तेल, कुणी विचारणार नाही. त्यानं बरं वाटायचं. मालक जवळ यायच्या वेळी तर मी हमखास लावायची, म्हणजे चिरा कमी पडायच्या. आणि नेमका तेव्हापासून निरोध फाटायला लागला. पहिल्यांदा फाटला तेव्हा वाटलं, पाकीट जुनं असेल. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा कंपनीला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मालक मुंबईहून येऊन दोनच दिवस झाले होते, आणि माझ्या चिरांतून रक्त आलेलं होतं.

त्यानंतर मला जेवण जाईना. एसटी स्टँडच्या भिंतीवर तेव्हा एड्सची मोठमोठी चित्रं रंगवलेली असायची, त्यात एक हाडांचा सापळा होता. मी तिकडं पाठ करून गाडीत चढायची. दुकानात बसल्या बसल्या सारखं कपाळ चाचपायचे, ताप आहे का. नाहीच म्हणायचं की नवऱ्याला, असं कुणी म्हणेल. म्हणणारीनं त्या घरात चार दिवस राहून दाखवावं. मी आधीच अर्धी बाहेर होते. उरलेल्या अर्ध्या मला मालकांनीच धरून ठेवलं होतं, आणि ते कशापायी, हे मला कळत होतं.

कपिलधारला जाऊन येते म्हटलं की आत्या कधी अडवायच्या नाहीत. स्वामींच्या समाधीवर त्यांची श्रद्धा, माझं दुखणं जावं म्हणून नवसही त्यांनीच बोललेला. मी कपिलधारला न उतरता सरळ बीडला गेले. सरकारी दवाखान्यात तेव्हा रक्त तपासायची आणि बोलायची एक वेगळी खोली नुकतीच झाली होती. दाराला हिरवा पडदा, आत एक पोक्त सिस्टर आणि टेबलावर लाकडाचा एक नमुना, कशाचा ते सांगायला नको. मी खुर्चीत बसले आणि त्या नमुन्याकडं न बघता सगळं सांगितलं. चिठ्ठीचं खोटंसुद्धा. पहिल्यांदाच कुणाला तरी.

सिस्टर ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात वर केला. "थांब. तेल कशाचं?"

"खोबरेल."

"कुनी सांगितलं गं बाई तुला तेल लावायला? रबर हाय ते. तेल लागलं की इरतंय. फाटनार न्हाई तर काय व्हईल?"

दुकानात मी रोज गिऱ्हाइकांना सांगत होते, पोराला तेल चोपडून लगेच नवी चड्डी घालू नका, इलॅस्टिक सैल पडतं, मग माझ्या नावानं ओरडाल. शंभर बायांना सांगितलं असेल. तेच रबर, तेच तेल. चड्डीची काळजी मला होती, जिवाची नव्हती. इतका संताप मला दुसऱ्या कुणाचा कधी आला नाही जितका त्या दिवशी स्वतःचा आला.

सिस्टरनं शांतपणे सगळं सांगितलं. खोबरेल नको, तूप नको, व्हॅसलिन नको. मलमातही तेलच असतं, ते सकाळी लाव, त्या वेळी नको. अंगावर राहिलं असेल तर धुऊन टाक. वंगण लागणारच असेल तर पाण्यात धुतली जाणारी जेली मिळते, डॉक्टर तपासताना लावतात ती. त्यांनी एक ट्यूब कपाटातून काढून माझ्या पिशवीत टाकली. चिरा असतील तर नाहीच. मग रक्त घेतलं. निकाल लगेच मिळाला, काही नाही असा. मी हात जोडायला लागले तर म्हणाल्या, "आत्ताच जोडू नगंस. नुकतं लागलं असलं तर एवढ्यात दिसत न्हाई. तीन महिन्यांनी परत ये."

ते तीन महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. सकाळी उठायचं, लाल बादलीत पाणी घ्यायचं, दुकानात बसायचं. मुलगी माझ्या छातीपर्यंत आली होती, तिची उंची बघून मनात यायचं, ही दहावीला जाईपर्यंत तरी. मग वाटायचं, निदान सातवीला. तीन महिन्यांनी पुन्हा कपिलधारचं नाव सांगून बीडला गेले. काही नव्हतं. स्टँडवर आले, भजी घेतली आणि सगळी खाल्ली. आनंद झाला, पण तो नाचावं-गावं असा नव्हता. ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस जसं आधी भिंतीला टेकतं, तसं नुसतं टेकावंसं वाटलं. आणि परत जाऊन तेच करायचं होतं. पुढच्या आठवड्यात मालक मुंबईहून येणारच होते.

पुढची वर्षं मी तेच करत राहिले. पाकिटं आहेत का, मुदत बघितली का, मलम धुतलं का, चीर तर नाही ना. नवरा-बायकोत जे काही असतं, त्यातलं मला फक्त हे काम तेवढं दिसायचं. त्यांचा राग यायला आणि त्यांची माया यायलाही अंगात जोर लागतो. तो कुठं राहिला होता?

आत्या अर्धांगवायूनं पडल्या. सहा महिने अंथरुणावर होत्या. त्यांचं अंग पुसायला, कुशीवर वळवायला मी चालले नसते. पगारी बाई ठेवली. शेवटच्या दिवशी त्यांचा घसा कोरडा पडला होता. मालक खाली गेले होते, बाई घरी गेली होती, मी एकटीच दारात होते. त्यांनी डोळ्यांनी पाणी मागितलं. मी भांडं घेऊन जवळ गेले. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढं त्यांना वळवता येत होतं. तेवढ्यात मालक वर आले, आईनं तोंड वळवलेलं बघून माझ्या हातातलं भांडं खाली ठेवलं, दुसरं भरून आणलं आणि चमच्यानं पाजलं. मी बघत उभी राहिले. तासाभरात आत्या गेल्या.

त्यानंतर वर्षभरात मालकांच्या कमरेला नागीण उठली. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो असं गावात म्हणतात, म्हणून आधी मंतरून घेणं झालं. नागीण बसली. पण ताप राहिला, वजन उतरलं, तोंडात पांढरं आलं. मला कळलं होतं. मीच त्यांना त्या हिरव्या पडद्याच्या खोलीत घेऊन गेले. सिस्टर बदलून गेल्या होत्या, आता एक तरुण साहेब बसत होते. त्यांनी दोघांचंही रक्त घेतलं. मालकांना होतं. मला नव्हतं.

साहेबांनी निकालाचे आणि माझे जुने कागद दोनदा तपासून बघितले. मग मालकांना म्हणाले, गोळ्या सुरू करू, सरकारी आहेत, आता फुकट मिळतात, घाबरू नका. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही कमाल केलीत ताई. एवढी वर्षं, आणि तेही असलं कातडीचं दुखणं असताना." मालक खाली बघत होते.

परतताना मांजरसुंब्याला उतरलो. पाटोद्याची गाडी यायला अवकाश होता. भर दुपारी दोघं रस्त्याकडेच्या बाकावर बसलो. ते एवढे वाळले होते की सदऱ्याच्या बाहीत हात शोधावा लागत होता. मला त्यांची कीव आली. वाटलं, आता तरी खरं सांगावं. या माणसाला वाटत असेल की माझंच दुखणं त्याला लागलं. निदान ते ओझं तरी नको.

मी म्हणाले, "एक सांगायचं हाय. माजं दुखनं लागत न्हाई. कधीच लागत नव्हतं. चिठ्ठीत तसलं काईच नव्हतं. मी खोटं वाचलं."

समोरून उसाचा एक ट्रॅक्टर चालला होता. तो लांब जाईपर्यंत ते त्याच्याकडं बघत होते.

"ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"त्याच महिन्यात गेलतो मी डॉक्टरीनबाईकडं. मला कितपत लागलंय ते इचारायला. त्या म्हनल्या, ह्ये लागतच न्हाई. म्हनल्या, पन तुमी वापरा. कशापायी ते तुमचं तुमाला म्हाईत." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मंग वापरलं."

मला आधी कळलंच नाही मी काय ऐकतेय. अकरा वर्षं. हव्या त्या दिवशी ते पाकीट फेकून देऊ शकत होते. दिलं नाही. आपण काय करतोय ते त्यांना माहीत होतं, आणि माझ्या अंगाला ते पोचू नये एवढं त्यांनी पाळलं. माझ्या हुशारीनं वाचले असं मी समजत होते, आणि ते तसं नव्हतं. क्षणभर मला त्यांचा हात धरावासा वाटला.

आणि मग दुसरं आठवलं.

"मंग आत्याला कावून सांगितलं न्हाई?"

ते बाकाच्या फळीवर नख ओढत राहिले.

"मला ती बादली. ती वेगळी दोरी. पोरगी माज्यापासून उचलून नेली. मरताना आत्यांनी माज्या हातचं पानी घेतलं न्हाई, तुमी उभे व्हता तिथं. कावून सांगितलं न्हाई?"

"कसं सांगनार?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "हिचं लागत न्हाई म्हनलो असतो, तर आईनं इचारलं असतं, मंग तू ते कशाला वापरतूस? काय सांगितलं असतं मी तिला?"

एवढंच. आईपुढं मान खाली घालावी लागू नये म्हणून इतकी वर्षं माझं ताट लांबून सरकवलं गेलं. शिवी माझ्या तोंडापर्यंत आली होती, पण ती द्यायलाही अंगात बळ नव्हतं. ज्यानं मला जिवंत ठेवलं आणि ज्यानं मला त्या घरात जित्तेपणी बाहेर बसवलं, तो एकच माणूस होता, आणि तो माझ्या शेजारी बसून खोकत होता.

गाडी आली, भरलेलीच होती. त्यांना पायरी चढवेना, म्हणून मी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. आत एकच जागा रिकामी होती. लोकांनी त्यांच्याकडं बघून वाट दिली, कंडक्टर म्हणाला, "काकांना बसू द्या." मी पुढं झाले आणि त्या जागेवर मी बसले. पाटोदा येईपर्यंत ते वरची दांडी धरून माझ्याजवळ उभे होते, आणि मी उठले नाही.